महिपतीचा पाय

कोंबड्यांचं डालगं हैबतीच्या पायावर गेलं त्याला आता अख्खा पावसाळा उलटला होता, तरी म्हातारी तांबडी कोंबडी अजून समजून घ्यायला तयार नव्हती. दिवेलागणीला ती माजघराच्या उंबऱ्यावर यायची, मान वाकडी करून खाटेकडे बघायची आणि आपल्या घरात हा माणूस पाय घालून का पडलाय याचा जाब विचारायची. राहीबाई तिला हुसकून लावायची. पण मनातून तिला वाटायचं, कोंबडी निदान विचारते तरी. वाडीतल्या माणसांनी विचारणंही सोडलं होतं.

डालग्याची युक्ती राहीबाईचीच. तिच्या नवऱ्याच्या डाव्या पायाला गोधडी सोसवत नव्हती. गोधडीच कशाला, धोतराचा सोगा लागला, दाराच्या फटीतून वारा आला, तरी कमरेपासून टाचेपर्यंत मिरची वाटून चोळल्यासारखी आग व्हायची. त्यात गंमत अशी, की पाय घट्ट आवळून धरला तर त्याला बरं वाटायचं आणि पीस लागलं की जीव जायचा. असलं उफराटं दुखणं कापडे गावात आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि जे पाहिलं नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही हा गावचा जुना रिवाज. म्हणून रात्री पायावर डालगं उपडं घालायचं आणि त्याच्यावर गोधडी. माणूस झोपायचा, कोंबड्या उघड्यावर.

गेल्या वर्षी मुंबईत हैबतीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. जाताना कोयत्यासारखा वाकलेला माणूस येताना ताठ होऊन पोलादपूरच्या स्टँडवर उतरला, तेव्हा आणायला गेलेल्यांनी वाजंत्री तेवढी बाकी ठेवली होती. महिनाभरात पाय पेटला. जखम भरली, भाकरी पचते, चालतो ताठ, मग दुखतं कुठं, असं लोक आधी त्याला विचारत, मग राहीबाईला, मग एकमेकांना. शेतावर न जाण्याचं दुखणं हाय, असंही कुणीतरी म्हणालं आणि ते फिरत फिरत हैबतीच्या कानावर आलं. त्या दिवशी तो जेवला नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. राहीबाई त्याच्या वंशा गेली नव्हती, पण त्याच्या शेजारी निजत होती, आणि तेवढं तिला पुरे होतं.

विश्वास ठेवला तो महाडच्या डॉक्टरांनी. चवदार तळ्याच्या अंगाला त्यांचा दवाखाना होता. त्यांनी कापसाचा पुंजका हैबतीच्या नडगीवरून नुसता फिरवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसताच बाजूला ठेवला.

"हैबतराव, मणक्यातली सरकलेली गादी काढली, ते काम चोख झालंय," ते म्हणाले. "पण फार दिवस चेपलेली नस आता स्वतःच बिघडली आहे. कारण नसताना ओरडते. हे माझ्या आवाक्यातलं नाही. मुंबईत फक्त नसांचंच बघणारे एक मोठे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे तुमचा नंबर लावतो. पुन्हा चाकू लागेलच असं नाही. पूर्ण बरं होईल असं सांगत नाही मी, पण झोप लागेल इतकं तरी नक्की करतील." मग ते राहीबाईकडे वळले. "एक सांभाळा, बाई. पाठीवर कुणाला दाबू देऊ नका, तुडवू देऊ नका. तिथलं थोडं हाड काढलेलं आहे. आतल्या नसांना आता आडोसा नाही."

राहीबाईने ते वाक्य पदराच्या गाठीला बांधावं तसं मनात बांधून आणलं. नंबर गुरुवारचा होता, म्हणजे बुधवारच्या सकाळच्या एस्टीने निघायला हवं होतं. गोदीत कामाला असलेला मुलगा मुरारी मुद्दाम बापाला न्यायला आला. सगळं जुळलं होतं. आणि सोमवारी कुडपणच्या पठारावरून प्रयागबाई खाली उतरली.

प्रयागबाई ही हैबतीची सगळ्यांत धाकटी बहीण. तिने ओटीवर नारळ ठेवला, पाणी प्यायली आणि कुणी न विचारता निकाल दिला.

"मुंबई नंतर. आधी महिपतदादाचा पाय लावायचा."

महिपती हा हैबतीचा धाकटा भाऊ, आणि महिपती पायाळू. आईच्या पोटातून पायांकडून आलेला. अशा माणसाने लाथ मारली की भरलेली उसण निघते, हे कापड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोलादपुरापर्यंतची माणसं कमरेला हात लावून महिपतीच्या ओटीवर यायची, पालथी पडायची, तीन लाथा खायची आणि नारळ ठेवून सरळ होऊन जायची. त्यामुळे महिपतीच्या बायकोच्या, मैनाच्या, कालवणात नारळाला कधी तोटा नसे. पायाळू माणसावर वीज ओढली जाते असंही म्हणतात. म्हणून आभाळ नुसतं खाकरलं तरी आई महिपतीला शेतातून घरात बोलावून घ्यायची. चिखलणी हैबती करायचा आणि महिपती माजघरात बसून भाजलेल्या आठळ्या खायचा.

अडचण एवढीच होती, की वर्षभर भावाभावांत अबोला होता. ऑपरेशनच्या आधी कंबर धरली तेव्हा महिपती आपण होऊन पाय लावायला आला होता. तेव्हा कळा सोसणाऱ्या हैबतीने चारचौघांत सांगितलं, "तुझा पाय तुझ्या घरात ठेव. माझी पाठ म्हंजे उंबरा नाय." महिपती गेला तो पुन्हा वरच्या घराची पायरी चढला नाही.

"मी आणते त्याला," प्रयागबाई म्हणाली. "तू फक्त हो म्हण, दादा."

राहीबाईला वाटलं, नवरा फाडकन नाही म्हणेल. हैबतीने डालग्याकडे पाहिलं.

"आणा," तो म्हणाला. "तवाच ऐकलं असतं तर चाकू खावा लागला नसता."

"अवो, डॉक्टरांनी सांगितलंय ना, पाठीला धक्का लावायचा नाय," राहीबाई म्हणाली. "हाड काढलंय तितलं."

"वयनी, तो काय बैल हाय लाथ घालायला? उसण निघण्यापुरता पाय लावील."

"ही उसण नाय, वन्सं. नस हाय ती."

"नस काय नि उसण काय. दुखतं म्हंजे उसण."

राहीबाईने मुरारीकडे पाहिलं. सकाळपर्यंत तो तिच्या बाजूचा खंदा शिपाई होता.

"आये, तो डॉक्टर पेशालिस्ट हाय, फॉरेन रिटर्न, एकदम नंबर वन," मुरारी म्हणाला, आणि राहीबाईला धीर आला. मग त्याने बापाला विचारलं, "बा, लाथ खाल्ल्यावर गाडीत बसशील ना?"

"बसेन."

"आणि नाय खाल्ली तर?"

"तर नाय बसणार. पुन्यांदा फाडून घ्यायचं तर आधी घरचा उपाव करूनच जाईन."

"मग खाऊ दे गो आये," मुरारी म्हणाला. "तीन लाथांचा तर सवाल हाय."

अशा रीतीने राहीबाईची फौज फितूर झाली. प्रयागबाई खालच्या घरी गेली आणि परत येऊन म्हणाली, महिपतदादा उद्या सकाळी येतो. मैनाने निरोप पाठवला होता, की नारळ तुमच्याच घरचा ठेवा, आणि सोललेला असला तर बरा.

उरली फक्त गोदूबाई. भावांची ही आत्या, तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली. आता पडवीच्या कोपऱ्यात खलबत्त्यात पान कुटत बसायची आणि घरातलं कुठलंही भांडण चुकवायची नाही, पण तोंडही घालायची नाही. राहीबाई मंगळवारी पहाटे तिच्यापुढे जाऊन बसली.

"आत्या, तुमचं हे ऐकतील. भावजींना लाथ मारू देऊ नका."

"माझं कोण ऐकतंय, गो? माझ्या तोंडात दात नायत."

"आत्या, उद्या कंबरेखालचा माणूसच गेला तर मी काय करू?" राहीबाई म्हणाली. "रातचा मी त्यांचा पाय दोन्ही हातांनी आवळून बसते. पाय पेटतो तरी त्यांचा हाय. लाथेनं लुळा झाला तर कुणाचा?"

गोदूबाईने कुटलेलं पान तोंडात टाकलं, जरा वेळ चघळलं. "बघते," एवढंच म्हणाली. राहीबाईला त्यातून काहीच धीर आला नाही.

ऊन अंगणात आलं तसा महिपती आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, पाय दगडाने घासून लख्ख केलेले. मागे मैना, देवाची पालखी आणावी तशी तोऱ्यात. हैबती ओटीवर घोंगडीवर पालथा पडला होता, सदरा काढून. भावाकडे त्याने पाहिलं नाही. भावानेही त्याच्याकडे पाहिलं नाही. प्रयागबाई मधे उभी राहून दोघांच्या वतीने बोलत होती.

"ये रे, महिपतदादा. उगवतीकडनं ये. डावा पाय."

राहीबाई भिंतीला टेकून उभी राहिली.

महिपती भावाला वळसा घालून उगवतीकडे निघाला. निघताना त्याच्या खांद्यावरचं उपरणं घसरलं आणि त्याचं टोक हैबतीच्या डाव्या पोटरीवरून गेलं. नुसतं गेलं. धुऊन धुऊन जुनं झालेलं, मऊ उपरणं.

हैबतीच्या तोंडून जो आवाज निघाला तो महिपतीने कधी ऐकला नव्हता. लहानपणी कोयता पायात घुसला तेव्हाही हैबती असा ओरडला नव्हता. अंगणातली तांबडी कोंबडी पंख फडफडवत पळाली. हैबतीने तोंड घोंगडीत खुपसलं आणि त्याची पाठ हलायला लागली. तो रडत होता. पन्नाशी उलटलेला, खांद्यावर भाताचं पोतं घेऊन घाट चढलेला माणूस एका उपरण्याच्या टोकाने रडत होता.

"काय झालं? मी काय केलं?" महिपतीने राहीबाईला विचारलं.

"काय नाय केलंत, भावजी. हे असंच हाय. वरीसभर हाय."

महिपतीने उपरणं गोळा करून काखेत दाबलं. मग त्याचं लक्ष पाठीकडे गेलं. कण्यावरून खाली उतरत गेलेला तो लांब व्रण, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. त्याने पाय उचलला. उचललेला पाय तसाच राहिला.

"मार की," मैना हळूच म्हणाली.

महिपती एका पायावर उभा. तेवढ्यात खलबत्त्याचा आवाज थांबला.

"महिपत्या, पाय खाली ठेव," गोदूबाई म्हणाली. "तू पायाळू नायस."

सगळ्या माना वळल्या. महिपतीने पाय खाली ठेवला, तो इतक्या लगबगीने, की राहीबाईने ते मनात टिपून ठेवलं.

"आत्या, काय बोलतंस तू?" प्रयागबाई म्हणाली.

"खरं ते बोलतंय. पायाळू हैबत्या. मी दिवा धरून उभी व्हते. आधी पाय आले, मागनं डोकं. तुमची आवस म्हणाली, थोरलाच पायाळू निघाला तर इजा-पावसात शेतावर जाईल कोण? तुमच्या बापाला एक बैलजोडी नि कामाचा एकच पोर. म्हणून महिपत्या झाला तवा पायाळूपण त्याच्या नावावर केलं. शेत नावावर करतात तसं."

हैबती रडायचा थांबला होता. त्याने घोंगडीतून डोकं वर काढलं.

"म्हंजे चाळीस वर्सं इजा कडाडताना नांगर धरला तो मी?"

"तूच."

"आणि इज माझ्यावर पडायची होती?"

"पडली नाय ना? मग ओरडतंस कशाला?"

"आणि हा घरात बसून आठळ्या खात होता?"

"त्या मी भाजलेल्या," गोदूबाई म्हणाली.

मग ओटीवर जो गलका उठला त्याला तोड नव्हती. मैनाचा चेहरा नारळ नासका निघाल्यासारखा झाला. "मग इतकी माणसं बरी झाली ती कशी?" तिने विचारलं.

"उसण चार दिसांनी जाते ती जाते. नारळ दिला तरी जाते, नाय दिला तरी जाते."

"माझी तर तिसऱ्या लाथेला गेली होती," प्रयागबाई म्हणाली. ती काल सगळ्यांची सेनापती होती. आज तिला कुठल्या बाजूने लढावं तेच उमगेना. मुरारीने डोकं खाजवत विचारलं, "आता बानं स्वतःच्या पाठीत लाथ कशी मारायची?" महिपती एक शब्द बोलला नाही. खाली मान घालून अंगणात उतरला आणि निघून गेला.

राहीबाईने सोललेला नारळ उचलला. "घरचा उपाव संपला," ती नवऱ्याला म्हणाली. "सकाळी गाडी हाय."

हैबती उठून बसला. "चाळीस वर्सं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पिशवी भर."

संध्याकाळी खोबरं किसताना राहीबाईने गोदूबाईला विचारलं, "आत्या, तुम्ही खरंच दिवा धरला होता?"

"कुठला दिवा? हैबत्या झाला तवाही मी सासरी, महिपत्या झाला तवाही मी सासरी. दोन डोंगर पल्याड." म्हातारीने खोबऱ्याची चिमूट उचलली. "हे कुणाला बोलू नको. देवाला मी सांगेन काय ते."

बुधवारी हैबतीला डोलीत घालून पोलादपूरच्या स्टँडवर आणलं. तो पायाळू असल्याची बातमी त्याच्या आधी पोचली होती. कमरेत वाकलेला येसाजी सुतार नारळ घेऊन उभा होता.

"हैबतदादा, कालच कळलं. जाता जाता माझ्या पाठीत दोन घाल."

"अरे, माझ्या पायाला वारा सोसत नाय."

"मग उजव्यानं घाल. माझी तकरार नाय."

हैबतीच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी हसू आलं. राहीबाईने ते पाहिलं आणि येसाजीचा नारळ परत केला, चार दिवसांनी या म्हणाली. तेवढ्यात परतीच्या पावसाचं आभाळ गुरगुरलं. रांगेच्या शेवटी उभा असलेला एक माणूस सवयीने पत्र्याखाली पळाला आणि मधेच थबकून पुन्हा उघड्यावर येऊन उभा राहिला. तो महिपती होता. धुतलेलं धोतर, काखेत बोचकं. उपरणं नव्हतं.

"मी बी येतो," तो राहीबाईला म्हणाला. "मुंबईत धरायला-उचलायला माणूस लागंल."

हैबतीने ऐकलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. पण नको म्हणाला नाही.

गाडीत वेगळंच रामायण झालं. मुरारीने हैबतीला मागच्या लांब बाकावर आडवं बसवलं. राहीबाईने बरोबर आणलेलं डालगं पायावर घातलं, वर पातळ टाकलं. कंडक्टर आला.

"कोंबड्या टपावर. नाहीतर तिकीट काढा."

"कोंबड्या नायत त्यात."

"मग काय आहे?"

"आमच्या मालकांचा पाय हाय."

कंडक्टरने वाकून आत पाहिलं, तर खरोखरच पाय होता. तो जरा ओशाळला, पण डालग्याला तिथे जागा नव्हती, दार अडत होतं. डालगं टपावर गेलं. उघडा पाय बाकावर राहिला आणि गाडी सुरू झाली. पहिल्याच खड्ड्याला हैबतीने दात आवळले.

महिपती उठला. बाकाच्या टोकाला बसला आणि हात पुढे करून थांबला. आयुष्यभर पाठींवर लाथा मारलेल्या त्या माणसाला हात कसा लावावा ते कळत नव्हतं.

"मांडीवर घ्या," राहीबाई म्हणाली. "हलका हात लावू नका, भावजी. त्यानंच पेटतो. दोन्ही हातांनी घट्ट आवळा."

महिपतीने थोरल्या भावाचा पाय मांडीवर घेतला आणि आवळला. हैबतीने श्वास रोखला, मग हळूहळू सोडला. महाड मागे पडलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते.

"भावजी," राहीबाई खालच्या आवाजात म्हणाली, "काल आत्यांनी सांगितलं ते..."

"खोटं हाय. ठाव हाय मला." महिपती पायाकडेच बघत होता. "आवशीनं मला किती वेळा सांगितलंय, तुझ्या पायांनी मला तीन दिस छळलं म्हणून."

"मग बोलला का नाय तुम्ही? आता गावात तुमच्या पायाला कोण विचारणार?"

"नको विचारू दे." त्याने पकड आणखी घट्ट केली. "वयनी, दादाला पाठ धरली तवा मी धावत आलो होतो. अख्ख्या गावाला गुण येतो तर माझ्या भावाला येईल म्हणून. त्यानं हाकललं ते मनात धरून बसलो. हा इतका जळतोय ते बघायला पण वर आलो नाय. आणि काल माझ्या उपरण्यानं तो रडला. त्या पाठीवर पाय द्यायची माझी छाती झाली नाय. आत्या बोलली नसती तर मी तसाच एका पायावर उभा राहिलो असतो."

गाडी वळणावर कलली. महिपतीने एक हात सोडून डोळे पुसले.

"ढिला पडला रे," हैबती म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते. वर्षभरात भावाशी बोललेला त्याचा हा पहिला शब्द. "दोन्ही हातांनी धर, पायाळ्या."